एका ओळीची बेचाळीस मिनिटं

तिने एका शून्याचा एक केला, फाइल सेव्ह केली आणि बिल्ड लावलं. दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. म्हणजे आता दहा अठ्ठेचाळीसपर्यंत हाताची घडी, तोंडावर बोट.

पडद्यावर फायलींची नावं मुंग्यांच्या रांगेसारखी वर सरकू लागली. बसच्या वाहकांच्या हातात तिकिटाची छोटी यंत्रं असतात, ती तिची कंपनी बनवायची, आणि त्या यंत्राचा अगदी आतला कारभार बघणारं कर्नेल तिच्या गटाकडे होतं. माणसांनी लिहिलेल्या दोन हजार सातशे फायली. त्या एकेक करून यंत्राला कळेल अशा भाषेत कंपाइल करायच्या, मग सगळ्यांचा मिळून एक गोळा यंत्रात भरायचा. गटातले लोक याला शिजवणं म्हणत. तिने हात लावला होता एका फायलीला, तिथेही एका आकड्याला. शिजत मात्र सगळ्या होत्या.

फोन टेबलावर उताणा ठेवलेला होता, पाळणाघराचं नाव उमटलं तर लगेच दिसावं म्हणून. ठकी नऊ महिन्यांची. सकाळी तिचं अंग किंचित कोमट लागलं होतं. थर्मामीटर सदतीस म्हणाला, नवरा ‘काही नाही’ म्हणाला, पाळणाघरातल्या ताईसुद्धा ‘काही नाही हो’ म्हणाल्या. पण ताईंच्या त्या ‘हो’मध्ये जरासा कंटाळा होता का, हे ती बसमध्ये अख्खी वीस मिनिटं उलटसुलट करून बघत आली होती.

आणि इथे यंत्र झोपवलं की उठत नव्हतं. बॅटरी वाचावी म्हणून दोन तिकिटांच्या मधे ते जरा डोळा लावायचं, आणि बटण दाबलं की कधी उठायचं, कधी मेल्यासारखं पडून राहायचं. का, ते शोधायचं काम तिच्याकडे होतं. शेजारच्या टेबलावरचा लांब्या, ज्याचे पाय कुठल्याच टेबलाखाली मावत नसत, सोमवारीच म्हणाला होता, “तुझं बरंय. घरातलं झोपत नाही नि इथलं उठत नाही.”

ती हसली होती, पण ते सोमवारी सकाळी. दुपारी विभागप्रमुख मॅडमनी खोलीत बोलावलं. मॅडम वाईट नव्हत्या, दोन मुलं वाढवून इथवर आलेल्या होत्या, आणि म्हणूनच बहुधा त्यांनी ते इतक्या मऊ आवाजात सांगितलं. शुक्रवारपर्यंत बघू. नाहीच सापडलं तर हे काम दुसऱ्या कोणाला देऊ आणि तू महिनाभर कागदपत्रांच्या टेबलावर बस, यंत्राबरोबरच्या पुस्तिका वगैरे. तिथे वेळेची ओढाताण नसते, तुलाही सोपं जाईल. तिने मान हलवली. कागदपत्रांच्या टेबलावरचा महिना कधी संपत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी अशीच महिनाभरासाठी गेलेली बाई अजून तिथेच होती. खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर आता फर्निचरचा भाग झाला होता.

बाळंतपणाआधी तिने हे आठवड्यात निकालात काढलं असतं. तेव्हा सकाळी नऊला आलं की सगळे दिवे मालवेपर्यंत बसता यायचं. आता साडेचारची बस सुटली तर पाळणाघराच्या दारात ताई ठकीला कडेवर घेऊन, स्वतःची पिशवी खांद्याला लावून उभ्या असत. साडेनऊ ते साडेचार, मधे जेवण, बेचाळीस मिनिटांचं एक बिल्ड. दिवसाला सात डाव. सोमवार, मंगळवार मिळून चौदा डाव गेले होते आणि हाताला काही लागलं नव्हतं.

गंमत अशी की याच वाट बघण्यासाठी ती एके काळी ऑफिसला धावत यायची.

साडेनऊ वर्षांपूर्वी ती लागली तेव्हा गटात सगळ्यात लहान, म्हणून तिचं नाव धाकटी पडलं ते पडलंच. गटाचे प्रमुख काका. कंपनीत कोणाचेही काका नसलेले ते सगळ्यांचे काका होते. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. कोणाचं बिल्ड लागलं की तो दार ठोठावल्यासारखं टेबल ठोठावायचा आणि जे जे रिकामे असतील ते जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर जमायचे. तिथे एक मोठी खिडकी होती. तिच्या रुंद कठड्यावर कायम धूळ, आणि त्या धुळीत काका बोटाने चौकोन काढून कर्नेल शिकवायचे. हा पडदा, हे बटण, ही मेमरी. आणि मग एकदम, “बोल धाकटे, मधेच वीज गेली तर आधी कोण मरतं?” ती काहीतरी ठोकून द्यायची. “मेली सगळी यंत्रं तुझी,” म्हणून काका चौकोन पुसायचे आणि पुन्हा काढायचे. सफाईवाल्या मावशी कुरकुरायच्या की कठडा पुसला तर तुमची शाळा बुडते नि नाही पुसला तर माझी नोकरी. त्या धुळीत ती जेवढं शिकली तेवढं चार वर्षांच्या कॉलेजात शिकली नव्हती. नवऱ्याशी लग्न करावं की नाही याची चर्चासुद्धा दोन बिल्डांच्या मधे तिथेच झाली होती, आणि लांब्याने विरोधी मत दिलं होतं.

काका निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर लोक बिल्ड लावून आपापल्या फोनमध्ये डोकं घालू लागले.

दहा अठ्ठेचाळीसला बिल्ड संपलं. यंत्र झोपलं, आणि उठलं नाही. तिने एकाचा पुन्हा शून्य केला, दुसऱ्या जागी एक आकडा बदलला, आणि पुन्हा दोन हजार सातशे मुंग्या निघाल्या. या वेळी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“एकाच फायलीला हात लावला तर सगळ्या का शिजतात रे?” तिने लांब्याला विचारलं.

“कर्नेल आहे ते. वेळ लागतोच.”

“पण का?”

लांब्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने पाणी ओलं का असतं असं विचारलंय. त्याच्या परीने तो बरोबर होता. सगळे असंच धरून चालले होते. तीही नऊ वर्षं असंच धरून चालली होती.

खरं तर बिल्ड करणारी व्यवस्था आळशी असते, आणि तसंच असायला हवं. ती प्रत्येक फायलीची तारीख बघते आणि तिच्या शिजलेल्या प्रतीची तारीख बघते. मूळ फाइल नंतरची असेल तर पुन्हा शिजवायची. नसेल तर आहे तीच वापरायची. आणखी एक नियम असा की एखादी फाइल दुसरीच्या आधारावर उभी असेल तर ती दुसरी बदलल्यावर हिलाही पुन्हा शिजवायचं. हे सगळं तिला काकांनीच धुळीत शिकवलं होतं. फक्त समोर चाललेल्या प्रकाराला ते लावून बघावं हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

त्या व्यवस्थेला ‘का’ असं विचारायची सोय असते. पुढचं बिल्ड लावताना तिने ती चालू केली, आणि प्रत्येक फायलीपुढे कारण छापून येऊ लागलं. दोन हजार सातशे फायली, सगळ्यांचं कारण एकच. सगळ्यांच्या मुळाशी असलेली एक सामायिक फाइल, म्हणे, आत्ताच बदलली. तिने ती उघडली. त्यातलं अक्षर अन् अक्षर चार वर्षांत कोणी बदललेलं नव्हतं. तारीख मात्र आजची होती, आणि वेळ तिने बिल्ड लावलं तेच मिनिट.

म्हणजे कोणीतरी दर वेळी तिला नुसता हात लावत होतं. मजकूर तोच, तारीख नवी.

बिल्ड चालवणारी चारशे ओळींची स्क्रिप्ट तिने वरून वाचायला घेतली. जेवणाचा डबा उघडून शेजारी ठेवला आणि विसरली. तीनशे बाराव्या ओळीवर ते सापडलं. एकच आज्ञा: त्या फायलीची तारीख आत्ताची कर. आणि वर एक टीप.

‘शिळं चालणार नाही. ही ओळ काढू नये. काढायची असेल तर आधी मला विचारा.’ खाली काकांची आद्याक्षरं आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

तिने लांब्याला बोलावलं. तो अंगाची घडी घालून तिच्या खुर्चीमागे वाकला आणि त्याने टीप दोनदा वाचली. “म्हाताऱ्याने नऊ वर्षं आपल्याला बसवून ठेवलं,” तो म्हणाला, आणि आवाजात राग कमी, कौतुकच जास्त होतं.

तारीख बघून तिला तो आठवडा आठवला. ती लागून सात महिने झाले होते. नवी आवृत्ती भरलेली चारशे यंत्रं एका सकाळी डेपोतून बसमध्ये गेली आणि तासाभराने एकेक करून पडदे काळे होऊन बंद पडली. इथल्या चाचणीत दहा मिनिटं सगळी व्यवस्थित चालली होती. वाहकांनी जुन्या कागदी तिकिटांचे गठ्ठे शोधून काढले, कंपनीचे फोन दिवसभर वाजले, आणि संध्याकाळी काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की एक फाइल शिळी राहून गेली, लक्ष ठेवायचं काम माझं होतं, चूक माझी. कोपऱ्यातली काचेची खोली, म्हणजे बढती, त्या वर्षी काकांना मिळणार होती. ती मॅडमना मिळाली. त्यानंतर बिल्डं लांबली, पण कर्नेल वाढलं म्हणून लांबली असंच सगळ्यांनी धरलं.

कुठली फाइल शिळी राहिली होती, हे मात्र तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

जुन्या नोंदी अजून होत्या. तिने त्या तारखेच्या मागचे चार दिवस काढले. बॅटरीची फाइल. मंगळवारी कोणीतरी त्यात प्रयोग म्हणून, बॅटरी किती उतरली की यंत्राने बंद व्हायचं ती मर्यादा खूप वर नेली होती. बुधवारी प्रयोग रद्द, शेरा: ‘जुनी फाइल परत ठेवली.’ दोन्ही नोंदींपुढे तिचं स्वतःचं नाव.

तिचे कान तापले. आधी कळलंच नाही, मग सगळं एकदम कळलं. जुनी फाइल तिने बॅकअपमधून उचलून जागेवर ठेवली होती, आणि फाइल आपली जुनी तारीख घेऊन आली होती, शहाण्या मुलासारखी. व्यवस्थेने बघितलं: मूळ फाइल गेल्या आठवड्यातली, शिजलेली प्रत कालची, मग पुन्हा शिजवायचं कारण काय? आणि कालची, प्रयोगातली, चुकीची प्रत चारशे यंत्रांत गेली.

जिन्यात जाऊन तिने काकांना फोन लावला. काकूंनी उचलला. आधी त्यांना बाळाचं वजन किती, दात आले का, रात्री उठते का हे सगळं हवं होतं, आणि तिने ते सगळं सांगितलं, कारण काकूंना टाळून काकांपर्यंत आजवर कोणी पोचलेलं नव्हतं. मग काका आले. ते झाडांना पाणी घालत होते.

“काका, तीनशे बारावी ओळ.”

 काका हसले. “कोणीतरी विचारायला पाच वर्षं लागली. मला वाटलं होतं, मी गेल्यावर महिन्याभरात फोन येईल.”

“ती फाइल माझी होती. तुम्हाला माहीत होतं?”

“त्याच संध्याकाळी कळलं.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला लागून किती झाले होते, सात महिने? तेव्हा सांगितलं असतं तर तू पुन्हा कर्नेलला हात लावला नसतास. तुला मी ओळखत नव्हतो का? पेन्सिल खाली पडली तरी माफी मागणारी पोरगी तू.” मग जरा थांबून, “आणि त्यानंतर माझंच तोंड दुधाने पोळलेलं. ताक फुंकत बसलो. दर वेळी सगळं नवं शिजवायचं, म्हणजे शिळं राहायला जागाच नको. नीट उपाय नंतर करीन म्हटलं.”

“केला नाहीत.”

“नाही केला.” पाण्याचा आवाज आला, नळ चालूच राहिला असावा. “मग तुम्ही सगळे कट्ट्यावर यायला लागलात. मला ते आवडायला लागलं.”

 काकांनीच पुढे विचारलं की आता अडलंय काय, आणि तिने सांगितलं: सात डाव, शुक्रवार, कागदपत्रांचं टेबल. त्यांनी सहानुभूतीचा एक शब्द काढला नाही, याबद्दल तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

“काढ ती ओळ,” ते म्हणाले. “पण नुसती काढशील तर उद्या दुसरी कोणीतरी धाकटी जुनी फाइल परत ठेवेल. त्याचं काय ते आधी बघ.”

बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ त्यात गेली. डाव वाया चाललेत हे दर तासाला घड्याळ सांगत होतं, आणि तरी ती करत राहिली. फायलीच्या तारखेवर भरवसाच ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं. बिल्डच्या आधी प्रत्येक फायलीतल्या मजकुराचा एक छोटा ठसा घ्यायचा आणि मागच्या ठशाशी ताडून बघायचा. ठसा वेगळा निघाला तर तारीख काहीही सांगो, ती फाइल शिजवायची. तोच असेल तर तिला तिच्या जागी सुखाने राहू द्यायचं.

मग तिने नऊ वर्षांपूर्वीची चूक जशीच्या तशी पुन्हा केली. तीच बॅटरीची फाइल, तीच मर्यादा, त्यावर एक बिल्ड, मग बॅकअपमधून जुनी फाइल जुन्या तारखेसकट परत. बिल्ड लावलं. पडद्यावर एकच नाव आलं, बॅटरीच्या फायलीचं. मग गोळा बांधला गेला आणि सगळं थांबलं. अडतीस सेकंद.

तिला वाटलं बिघडलं काहीतरी. पुन्हा केलं. अडतीस सेकंद. लांब्या स्वतःची खुर्ची सरकवत आला, त्यानेही एकदा करून बघितलं, आणि मग बोटं मोजत हिशेब करू लागला: रोजचे साडेतीन तास, वर्षाचे दिवस एवढे, गुणिले नऊ. “माझ्या आयुष्याचं अख्खं वर्ष आहे तुझ्याकडे,” तो म्हणाला. “त्यात माझे केस गेले.”

गुरुवारी जेवणानंतर साडेचारपर्यंत तिने एकतीस डाव टाकले. एवढ्या डावांत माणूस घाबरत घाबरत खेळत नाही. मूर्खासारखं वाटेल तेही करून बघता येतं. त्यातल्याच एका मूर्ख डावात यंत्र सलग सहा वेळा उठलं. शुक्रवारी सकाळी कारण सापडलं. झोपताना यंत्र बटणाचा वीजपुरवठा आधी बंद करत होतं आणि मग त्याच बटणाला सांगत होतं, जागं राहा, हाक आली की मला उठव. दोन ओळींची अदलाबदल. तिने यंत्र शंभर वेळा झोपवलं, शंभर वेळा ते उठलं.

राहिली नोंद. प्रत्येक बदलाबरोबर तो का केला हे लिहायचं असतं, आणि ते सगळ्यांना दिसतं. तिने लिहिलं की तीनशे बारावी ओळ अमुक प्रसंगानंतर घातली गेली, त्या प्रसंगाचं कारण जुन्या तारखेची फाइल, आणि ती फाइल मी ठेवली होती. लांब्याने वाचून हळू आवाजात सांगितलं की शेवटचं वाक्य खोड, कोणी विचारलंय? मॅडम आजच तुझं काय ते ठरवणार आहेत आणि तू आजच आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेस. त्याचं खरं होतं. बराच वेळ तिचं बोट त्या वाक्याच्या शेवटी थांबलं. मग तिने नोंद आहे तशी पाठवली.

तीन वाजता मॅडमनी काचेच्या खोलीत बोलावलं. नोंद त्यांच्या पडद्यावर उघडी होती.

“हे लिहायची गरज होती?”

“नऊ वर्षं ते काकांच्या नावावर होतं,” ती म्हणाली.  “त्या वर्षी त्यांचं काय काय गेलं ते तुम्हाला माहितीये.”

ते अर्थातच मॅडमना माहीत होतं. त्या त्याच खोलीत बसल्या होत्या. त्यांनी टेबलावरचा पेन उचलला, सरळ ठेवला. बाहेर लांब्या दर दोन मिनिटांनी पाणी प्यायला उठत होता.

“त्यांनी मला तेव्हा काय सांगितलं होतं माहितीये?” मॅडम म्हणाल्या. “की बरं झालं, मला खोलीत गुदमरतं. मी विश्वास ठेवला. सोयीचं होतं ना.” मग एकदम कामाच्या आवाजात, “दुसऱ्या दोन गटांचीही बिल्डं अशीच रखडतात. सोमवारपासून ती बघ. तुझ्याच टेबलावरून. आणि साडेचारला निघतेस ते निघत जा, त्याबद्दल मला कोणी काही ऐकवलं तर मी बघीन.” ती दाराशी पोचली तेव्हा मागून आलं, “काकांचा नंबर आहे तुझ्याकडे?”

तिने नंबर दिला. कॅलेंडरच्या कोपऱ्यावर मॅडमनी तो स्वतःच्या हाताने लिहून घेतला.

त्या दिवशी ती साडेतीनलाच निघाली. एवढ्या लवकरची बस तिने कामावर परतल्यापासून पाहिली नव्हती. अर्धी रिकामी, खिडकीची जागा मिळाली. पाळणाघराच्या दारात ताईंनी तिला बघून आधी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, काही झालं का अशा नजरेने. काही झालं नाही, आज लवकर सुटले, एवढंच ती म्हणाली.

“ठकी आत्ताच झोपलीय. उठवू का?”

“नको. बसते मी.”

ताईंनी मुलांची एक बुटकी पिवळी खुर्ची पुढे सरकवली. तिच्यावर ती गुडघे हनुवटीशी घेऊन बसली. पडदे ओढलेले होते, कोपऱ्यात एक पंखा फिरत होता, सहा पाळण्यांतली सहा पोरं आपापल्या झोपेत होती. तिने ठकीच्या कपाळाला हात लावला, अंग गार होतं. मग हात मागे घेतला आणि नुसती बघत राहिली. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. ठकीने डोळे उघडले, पाळण्याच्या गजांमधून आईकडे पाहिलं, आणि जणू ही रोज याच वेळी इथेच बसलेली असते अशा थाटात पुन्हा मिटले.